ठिपके, रेंज आणि पाझर: रँडम पॉईंट्सच्या जोडणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे लिहायला घेतलं ते वैतागून. कोणीतरी ठिपके टाकतं, रेंज ठरवतं, जवळजवळचे जोडतं आणि विचारतं "माझं नेटवर्क कनेक्टेड आहे का", आणि या एका वाक्यात दोन वेगळे प्रश्न असतात हे ना विचारणाऱ्याच्या लक्षात येतं ना उत्तर देणाऱ्याच्या. मग एक जण ४.५१ (सरासरी शेजारी) म्हणतो, दुसरा लॉग एन (एन म्हणजे एकूण ठिपके) म्हणतो, आणि दोघंही बरोबर असतात, फक्त वेगवेगळ्या प्रश्नाला. तर नेहमीचे प्रश्न एकदाचे इथे. गणित आहे, पण चहा पिता पिता समजेल इतकंच.

मुळात गोष्ट काय आहे?

एक मोठं मैदान घ्या, त्यावर डोळे मिटून ठिपके टाका. आता एक अंतर ठरवा, त्याला आर म्हणू. ज्या दोन ठिपक्यांमधलं अंतर आर किंवा त्याहून कमी, त्यांच्यात रेघ मारा. झालं. आता विचारायचं की या रेघांवरून उड्या मारत मारत मी किती लांब जाऊ शकतो. ठिपके विरळ असतील तर दोन-चार उड्यांत रस्ता संपतो. दाट असतील तर कुठवरही जाता येतं. गंमत अशी की "विरळ" मधून "दाट" मध्ये जाणं हळूहळू होत नाही, एका ठराविक घनतेला सगळं चित्रच पलटतं. त्या घनतेला क्रिटिकल घनता म्हणतात आणि तिच्यापुढे जे होतं त्याला परकोलेशन, म्हणजे साध्या भाषेत पाझर.

ठिपके "रँडम" म्हणजे नक्की कसे टाकायचे?

बहुतेक वेळा पॉयसन प्रोसेस गृहीत धरलेली असते. दोन अटी. एक, कुठल्याही तुकड्यात किती ठिपके पडतील हे पॉयसन वितरणाने ठरतं आणि सरासरी त्या तुकड्याच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते. दोन, एकमेकांवर न चढणाऱ्या तुकड्यांमधले आकडे एकमेकांपासून स्वतंत्र, म्हणजे इथे गर्दी झाली म्हणून तिथे कमी पडतील असं काही नाही.

लोकांना इथे पहिला धक्का बसतो. चित्र काढलं की म्हणतात, हे रँडम नाही वाटत, इथे तर झुबका दिसतोय आणि तिथे टक्कल पडलंय! अहो तेच तर रँडम. मैदानाचे १०० चौकोन केले आणि सरासरी चौकोनाला १ ठिपका असेल तर साधारण ३७ चौकोन रिकामे राहतात, ३७ मध्ये एक, १८ मध्ये दोन, आणि उरलेल्या ८ मध्ये तीन किंवा जास्त. नीट एकसारखे पसरलेले ठिपके दिसले तर उलट शंका घ्या, कोणीतरी हाताने लावलेत.

हा विषय आला कुठून?

१९५७ मध्ये ब्रॉडबेंट आणि हॅमर्स्ली या दोघांनी पेपर लिहिला, त्यामागे गॅस मास्कमधल्या कोळशाचा विचार होता. सच्छिद्र दाण्यांमधून गॅस आत कुठवर जाईल? भोकं एकमेकांना जोडलेली असतील तर आतपर्यंत, नाहीतर वरच्यावर अडकेल. त्यांनी जाळीवर प्रश्न मांडला, म्हणजे चौकटीचा कागद घ्यायचा आणि प्रत्येक रेघ उघडी की बंद हे नाणं उडवून ठरवायचं. मग १९६१ मध्ये बेल लॅब्जमधल्या गिल्बर्टने जाळी काढून टाकली आणि ठिपके मोकळ्या पठारावर, म्हणजे सपाट पृष्ठभागावर कुठेही, टाकले, डोक्यात होते कमी पल्ल्याचे रेडिओ स्टेशन, निरोप एकाकडून दुसऱ्याकडे पास करत न्यायचा. आज सेन्सर नेटवर्कवाले जे मॉडेल वापरतात ते हेच, साठ वर्षांहून जुनं.

परकोलेट होणं आणि कनेक्टेड असणं एकच ना?

नाही, नाही आणि नाही. या एका प्रश्नासाठीच हे सगळं लिहिलंय असं समजा.

परकोलेट होणं म्हणजे एक अवाढव्य क्लस्टर (एकमेकांना जोडलेल्या ठिपक्यांचा गट) तयार झालाय, अनंत पठारावर असाल तर खरोखर अनंत. त्यात ठिपक्यांचा बऱ्यापैकी हिस्सा असतो. पण सगळे नसतात! कोपऱ्याकापऱ्यात एकटेदुकटे, तिघाचौघांचे टोळके राहतातच. कनेक्टेड म्हणजे एकही बाहेर नाही, कुठल्याही ठिपक्यावरून कुठल्याही ठिपक्यावर जाता येतं.

फरक आकड्यात बघा. एका ठिपक्याला सरासरी किती शेजारी आहेत त्याला डिग्री म्हणू. पॉयसनमध्ये एखादा ठिपका पूर्ण एकटा असण्याची शक्यता ई (साधारण २.७१८) चा उणे डिग्री घात. डिग्री ५ असेल, म्हणजे परकोलेशनच्या पुढे गेलात, मोठा क्लस्टर आहे, तरी एकटा असण्याची शक्यता ०.००६७ येते. लहान वाटते ना? १०,००० ठिपके असतील तर ६७ जण एकटे बसलेत. डिग्री ६ केली तरी २५ एकटे. आणि ठिपके दहा लाख केले तर त्याच डिग्रीला एकट्यांची संख्या हजारांत जाते.

म्हणजे अनंत पठारावर तर "सगळे जोडले" हे कधीच होत नाही, डिग्री कितीही वाढवा, कुठेतरी कोणीतरी एकटा असणारच, कारण लहानशा शक्यतेला अनंत संधी मिळतात. म्हणून पाझराचा आकडा स्थिर असतो, ठिपके किती यावर अवलंबून नसतो, आणि पूर्ण जोडणीचा आकडा ठिपक्यांच्या संख्येबरोबर वाढत जातो, लॉगने, म्हणजे हळू पण थांबत नाही.

४.५१ हा आकडा कुठून येतो?

सिम्युलेशनमधून. एखादं सुंदर सूत्र असेल, पाय आणि वर्गमूळ असलेलं, असं सगळ्यांना वाटतं, मलाही वाटायचं. तसं सूत्र कोणाकडे नाही. पठारावर सरासरी डिग्री साधारण ४.५१२ झाली की पाझर सुरू होतो एवढं मोजून कळलंय. २००५ मध्ये बॅलिस्टर, बोलोबाश आणि वॉल्टर्स यांनी एक वेगळीच युक्ती केली, प्रश्न अशा एका मर्यादित घटनेवर आणून ठेवला की तिची शक्यता अमुकपेक्षा जास्त आहे एवढं दिसलं की बाकीचं पक्कं सिद्ध होतं, आणि ती शक्यता कॉम्प्युटरने तपासली. त्यावरून ९९.९९ टक्के खात्रीने आकडा ४.५०८ ते ४.५१५ च्या मध्ये. सिद्धता आहे पण खात्रीच्या टक्क्यासकट, असा प्रकार गणितात फार दिसत नाही, मला तो भलताच आवडतो.

मग कुठे १.१२८, कुठे १.४३६, कुठे ०.६७६ का लिहिलेलं असतं?

सगळे एकच. आणि यावरच माझे दोन दिवस गेलेत म्हणून सविस्तर सांगतो.

पद्धत एक: ठिपक्यांमधलं अंतर आर पेक्षा कमी तर जोडा. पद्धत दोन: प्रत्येक ठिपक्याभोवती थाळी ठेवा आणि दोन थाळ्या एकमेकींवर चढल्या तर जोडा. दुसऱ्या पद्धतीत थाळीची त्रिज्या आर च्या निम्मी असते! थाळीचं क्षेत्रफळ गुणिले घनता केलं की १.१२८ येतं, रेंजच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ गुणिले घनता केलं की त्याच्या चौपट, ४.५१२. अंतर १ धरलं तर ४.५१२ भागिले पाय, म्हणजे प्रति एकक क्षेत्रफळ १.४३६ ठिपके. आणि थाळ्यांनी मैदानाचा किती भाग झाकला असं विचारलं तर १ वजा ई चा उणे १.१२८ घात, म्हणजे ०.६७६३, साधारण ६७.६ टक्के.

मी एका जागी त्रिज्या आणि दुसऱ्या जागी अंतर असं मिसळलं, थ्रेशोल्ड (जिथे पाझर सुरू होतो तो आकडा) चौपट चुकीचा आला, आणि मी दोन दिवस रँडम नंबर जनरेटरला शिव्या घालत बसलो. कुठलाही पेपर उघडला की आधी बघा, त्याचा आर कुठला.

अजून एक सोय यातून कळते: घनता आणि आर वेगवेगळे महत्त्वाचे नाहीत, घनता गुणिले आर चा वर्ग एवढंच महत्त्वाचं. रेंज दुप्पट केली तर ठिपके चौथाईच लागतात.

सरासरी एक शेजारी असला तरी साखळी चालू राहायला हवी ना, साडेचार कशाला?

चांगला प्रश्न आहे. वंशावळीसारखा विचार केला, की प्रत्येकाला सरासरी एकाहून जास्त पोरं असली तर वंश चालू राहू शकतो, तर उत्तर १ यायला हवं. खालच्या बाजूने हा विचार बरोबरच आहे, डिग्री १ पेक्षा कमी असेल तर पाझर नक्की नाही. पण वरच्या बाजूने फसतो, कारण पठारावर माझ्या शेजाऱ्याचे शेजारी बरेचसे माझेही शेजारी असतात. किती? हिशोब करता येतो, १ वजा ३√३ भागिले ४ पाय, म्हणजे ५८.६५ टक्के. शेजाऱ्याकडे गेलो की तिथे दिसणाऱ्या दहातले सहा जण ओळखीचेच. खरोखर नवीन माणसं चारच. या हिशोबाने डिग्री साधारण २.४ तरी लागेल असं येतं, आणि त्यापुढे पण लांबून वळसा घालून जुन्याच लोकांत परत येणं असतं, तो सगळा तोटा भरून काढायला ४.५१ लागतात.

थ्रेशोल्ड असतोच हे कशावरून? हळूहळू वाढत गेलं असं का नाही?

असतो हे दाखवणं सोपं आहे, कागदावर करून बघण्यासारखं. खालची बाजू वर झालीच. वरच्या बाजूला पठाराचे चौकोन करा, प्रत्येकाची बाजू आर भागिले √५. एवढी लहान बाजू का, तर शेजारशेजारच्या दोन चौकोनात कुठेही ठिपके असले तरी त्यांच्यातलं अंतर आर च्या आत राहतं, दोन चौकोनांचा मिळून जो आयत होतो त्याचा कर्ण बरोबर आर येतो. आता चौकोनात निदान एक ठिपका असेल तर तो चौकोन "भरलेला". भरलेले चौकोन शेजारी शेजारी लागत गेले की ठिपकेही जोडले जातात. आणि चौकटीच्या जाळीवर भरलेल्या चौकोनांचं प्रमाण ०.५९२७ च्या पुढे गेलं की पाझर होतो हे मोजून माहीत आहे. तेवढं प्रमाण यायला डिग्री साधारण १४.१ लागते. चौकोनाऐवजी षटकोन घेतले तर अजून चांगलं, तिथला जाळीचा थ्रेशोल्ड बरोब्बर १/२ आहे हे सिद्धच आहे, आणि आकडा १०.९ पर्यंत खाली येतो. म्हणजे १ च्या खाली कधीच नाही, १०.९ च्या वर नक्की, तर मध्ये कुठेतरी पलटी आहेच.

पलटी एकाच जागी का, याचं कारण असं की ठिपके वाढवल्याने कुठलंही कनेक्शन तुटत नाही, आणि अनंत पठारावर "कुठेतरी अनंत क्लस्टर आहे" याची शक्यता ० असते नाहीतर १, अधलंमधलं काही नाही.

अनंत क्लस्टर दोन-तीन का नसतात?

पॉयसन ठिपक्यांवर एकच असतो, हे सिद्ध आहे. मूळ कल्पना बर्टन आणि कीन यांच्या १९८९ च्या जाळीवरच्या सिद्धतेतली, छोटीशी आणि देखणी. सार असं की दोन अनंत क्लस्टर असते तर मध्ये थोडे ठिपके पडून ते जोडले जाण्याची शक्यता शून्य नसते, म्हणून दोन, तीन, सतरा असे आकडे टिकत नाहीत. अनंत क्लस्टर अनंत संख्येने असतील हे नाकारायला मात्र वेगळी मोजणी लागते: मग तीन फाटे फुटणाऱ्या जागा क्षेत्रफळाच्या प्रमाणात असाव्या लागतील, आणि प्रत्येक फाटा हद्दीपर्यंत पोचायचा तर परीघावर तेवढी जागाच नसते.

ठीक, मग मला सगळेच्या सगळे जोडलेले हवेत, किती ठिपके लागतील?

आता लॉग एन वाला प्रश्न. पेनरोजने १९९७ मध्ये नीट उत्तर दिलं, वायरलेसवाल्यांमध्ये गुप्ता आणि कुमार यांनी १९९८ च्या सुमारास हाच विषय आणला. एन ठिपके असतील आणि डिग्री जर लॉग एन अधिक सी एवढी असेल (हा लॉग नैसर्गिक, दहाच्या पायाचा नाही, हा घोळ पण नेहमीचा), तर सगळे जोडलेले असण्याची शक्यता ई चा उणे (ई चा उणे सी घात) घात. सी शून्य असेल तर ३७ टक्के. ९९ टक्के हवे असतील तर सी ४.६ घ्या.

यातली खरी गोष्ट अशी की शेवटपर्यंत अडून बसतात ते एकटे ठिपके. दोनाचे, तिघांचे गट त्याआधीच मोठ्या क्लस्टरला मिळून गेलेले असतात. शेवटचा एकटा जोडला गेला की जवळपास त्याच क्षणी सगळं नेटवर्क जोडलं जातं.

हिशोब करूनच बघू. एक चौरस किलोमीटर मैदान, सेन्सरची रेंज ५० मीटर. रेंजचं वर्तुळ ७,८५४ चौरस मीटर. पाझर सुरू व्हायला साधारण ५७५ सेन्सर. डिग्री लॉग एन एवढी व्हायला ८६०, आणि तेव्हाही सूत्र म्हणतं फक्त ३७ टक्के. ९९ टक्क्याला साधारण १,५२०. म्हणजे "पाझर सुरू झाला" आणि "एकूण एक जोडलेला" यात अडीच पटीपेक्षा जास्त फरक. शेवटच्या दोन-चार बिचाऱ्यांसाठी शेकडो जादा सेन्सर! म्हणून आधी विचारा की खरंच सगळे हवेत का. ९८ टक्के चालत असतील तर पैसे वाचतात.

मी १,५२० टाकले, ९९ टक्के नाही आले, सूत्र चुकीचं आहे का?

सूत्र बरोबर आहे, तुमच्या मैदानाला कड आहे. कडेवरच्या ठिपक्याचं निम्मं वर्तुळ मैदानाबाहेर, कोपऱ्यावरच्याचं तर पाऊणच बाहेर. त्याला शेजारी निम्मे, म्हणून एकटा राहायची शक्यता कित्येक पट. पुस्तकात लिहिलेलं असतं की एन वाढत गेला की पठारावर कडेचा परिणाम नाहीसा होतो, ते खरं आहे पण तो नाहीसा होतो १ भागिले √लॉग एन या वेगाने, म्हणजे गोगलगायसुद्धा पुढे जाईल. वरच्या उदाहरणात मी ढोबळ हिशोब केला: आतल्या भागात सरासरी ०.०१ एकटा ठिपका, पण चार कडांवर मिळून ०.१ च्या आसपास आणि कोपऱ्यांत अजून थोडे. म्हणजे खरी शक्यता ९९ नाही, ८५ ते ९० च्या आसपास. सगळा खेळ कडेवरच चाललाय. उपाय दोन, एक तर कडेने थोडे जास्त लावा, नाहीतर फक्त सूत्र तपासायचं असेल तर डावी कड उजवीला आणि वरची खालच्याला जोडून टाका, जुन्या व्हिडिओ गेममध्ये इकडून गेलं की तिकडून निघतं तसं.

रेंज न ठरवता "सगळ्यात जवळच्या के जणांशी जोड" असं केलं तर?

मग एकटा कोणी राहतच नाही, पण टोळकी राहतात. हॅगस्ट्रॉम आणि मीस्टर यांनी १९९६ मध्ये हे बघितलं. के १ असेल तर कुठल्याही मितीत पाझर नाही. पठारावर के ३ लागतो असं सिम्युलेशन सांगतं, खूप जास्त मिती असतील तर २ पुरतो. पूर्ण जोडणीला मात्र इथेही लॉग एन लागतोच, गुणक ०.३०४३ आणि ०.५१३९ च्या मध्ये आहे हे बॅलिस्टर, बोलोबाश, सरकार आणि वॉल्टर्स यांनी दाखवलं. "प्रत्येकाला सहा शेजारी दिले की झालं" हा जुना सल्ला त्यामुळे कायमचा नियम म्हणून चालत नाही.

एका रेषेवर काय? आणि त्रिमितीत?

रेषेवर पाझर कधीच नाही. एक फट आर पेक्षा मोठी पडली की साखळी तुटली, वळसा घालायला जागाच नाही, आणि लांब रेषेवर अशी फट पडणारच. त्रिमितीत उलट, वळसे भरपूर, डिग्री २.७४ च्या आसपासच पुरते, गोळ्यांनी जागा भरली म्हणाल तर फक्त २९ टक्के.

मोकळ्या जागेतून पाझर होतो का?

पठारावर एक वेळी एकच जिंकतो. थाळ्यांचा अनंत क्लस्टर आहे तर मोकळी जागा बेटांमध्ये तुटलेली, आणि उलट. क्रिटिकल घनता दोघांची एकच. त्रिमितीत तसं नाही, दोघंही एकदमच नांदतात, गोळ्यांनी ९५ टक्के जागा खाल्ली तरी उरलेल्या भोकांमधून पाणी आरपार जाऊ शकतं, मोकळी जागा साधारण ३ टक्क्यांवर आली की मगच वाट बंद होते. सच्छिद्र दगडांवर काम करणारे या आकड्याकडे लक्ष ठेवून असतात.

थाळ्या लहानमोठ्या असतील तर?

चालतं, पण शेपटी सांभाळा, म्हणजे अवाढव्य थाळ्या किती वेळा येतात ते बघा. त्रिज्येच्या वर्गाची सरासरी अनंत असेल (पठारावर) तर घनता कितीही कमी करा, सगळं पठार झाकलं जातं, हे हॉलने १९८५ मध्ये सांगितलं. सरासरी मर्यादित असेल तर कमी घनतेला पाझर नाही, हे गुएरेने २००८ मध्ये पूर्ण केलं. थाळ्यांऐवजी लांबट काड्या घेतल्या तर अगदी थोड्या मालात पाझर होतो. कार्बन नॅनोट्यूब प्लॅस्टिकमध्ये एक टक्क्यापेक्षाही कमी घालून ते वीज वाहू लागतं, त्याचं कारण हेच, काडी लांबवर हात पोचवते आणि जागा खात नाही.

कनेक्शन भरवशाचं नसेल, कधी लागतं कधी नाही, तर वाईटच ना?

तसं वाटतं खरं! पण सरासरी डिग्री तीच ठेवून कनेक्शन लांब आणि बेभरवशाची केली, म्हणजे रेंजच्या आत नक्की असं न ठेवता लांबपर्यंत कधीमधी, तर पाझर सोपा होतो. फ्रान्सेस्केटी आणि मंडळींनी २००५ मध्ये हे मांडलं. कारण वर आलंच आहे, शेजाऱ्याचे शेजारी ओळखीचे निघण्याचा तोटा कमी होतो, आणि खूपच पसरवलं तर लागणारी डिग्री १ च्या जवळ येते. इंटरफेरन्स आला की मात्र गणित फिरतं, कारण तिथे ठिपके वाढवले की गोंगाटही वाढतो, आणि "जास्त ठिपके म्हणजे जास्त जोडणी" हा नियमच मोडतो.

ठिपके पॉयसन नसतील, झुबक्यांनी असतील तर?

सर्वसाधारण अंदाज असा की झुबके असले की पाझर अवघड, सगळे एका जागी गर्दी करतात आणि मध्ये दऱ्या पडतात, आणि एकमेकांना दूर ढकलणारे ठिपके असले की सोपा. पण यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. समजा पठारावर अगदी मोजक्या रँडम रेषा काढल्या आणि सगळे ठिपके त्या रेषांवरच टाकले, सरासरी घनता तीच ठेवून. झुबकेदारपणा टोकाचा, पण रेषेवर ठिपके इतके खेटून की इवल्याशा रेंजमध्ये सुद्धा रेषाच्या रेषा जोडल्या जातात आणि रेषा एकमेकींना छेदतातच, झाला पाझर. दूर ढकलणाऱ्यांमध्ये जिनिब्र प्रोसेस प्रसिद्ध आहे, रँडम मॅट्रिक्सच्या (आकड्यांच्या चौकटीच्या) आयगेन व्हॅल्यू नावाच्या खास आकड्यांपासून बनलेली, त्यावर आणि गाऊसियन फंक्शनच्या शून्यांवर घोष, कृष्णपूर आणि पेरेस यांनी थ्रेशोल्ड असतो आणि अनंत क्लस्टर एकच असतो हे सिद्ध केलंय. पॉयसनमधलं स्वातंत्र्य तिथे नसल्यामुळे साध्या साध्या गोष्टींनाही घाम फुटतो.

घरी सिम्युलेशन करायचंय, काय सांभाळू?

आधी एकूण संख्या पॉयसनने काढा, मग तेवढे ठिपके एकसारख्या शक्यतेने टाका. गोल मैदान असेल तर त्रिज्या सरळ ० ते १ मधून उचलू नका, मध्यभागी ढीग पडतो, आधी वर्गमूळ घ्या. प्रत्येक जोडी तपासत बसलात तर दहा हजार ठिपक्यांच्या पाच कोटी जोड्या होतात, त्याऐवजी आर बाजूचे चौकोन करून ठिपके त्यात भरा आणि स्वतःचा चौकोन अधिक आजूबाजूचे आठ एवढेच बघा. क्लस्टर जोडायला युनियन-फाइंड (कोण कुठल्या गटात हे ठेवणारी आणि गट पटकन जोडणारी पद्धत), दुसरं काही शोधू नका. न्यूमन आणि झिफ यांची २००० ची युक्ती पण बघा, एकेक भर टाकत जायची आणि दर वेळी नव्याने न मोजता आधीचाच हिशोब पुढे न्यायचा.

माझ्या आलेखात पलटी अचानक दिसत नाही, उतार दिसतो, का?

मैदान लहान आहे. उताराची रुंदी मैदानाच्या बाजूच्या उणे ३/४ घाताने कमी होते, म्हणजे बाजू १६ पट केली की उतार ८ पट अरुंद. हा ३/४ क्रिटिकल जागेजवळच्या आकड्यांमधून येतो, आणि पठारावर ते आकडे विलक्षण आहेत: अनंत क्लस्टरमधल्या ठिपक्यांचा हिस्सा क्रिटिकल जागेपासूनच्या अंतराच्या ५/३६ घाताने वाढतो, क्रिटिकल क्लस्टरची मिती ९१/४८. षटकोनी जाळीसाठी हे सिद्ध आहे, सुरुवात स्मिर्नोव्हने २००१ मध्ये केली आणि २०१० चं फील्ड्स मेडल मिळवलं. मोकळ्या ठिपक्यांसाठी तेच आकडे दिसतात, पण सिद्धता नाही. आणि बरोबर क्रिटिकल घनतेला अनंत क्लस्टर असतो का? पठारावर नाही. नेहमीच्या जाळीवर ११ किंवा जास्त मितीत नाही. आपण राहतो त्या तीन मितीत काय, ते अजून उघडं आहे.